मुगातील भुंगेरा-प्रतिकाराची आनुवंशिकता कशी तपासावी

कडधान्यांतील कीड-प्रतिकाराची आनुवंशिकता शिकायची असेल, तर सुरुवात साठवणीतील मूग आणि त्याला भोके पाडणाऱ्या कॅलोसोब्रुकस भुंगेऱ्यांपासून करावी, कारण हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी शेतातील प्रादुर्भावाची वाट पाहावी लागते, तशी ती इथे पाहावी लागत नाही. शिवाय घाटेअळीला होणारा प्रतिकार अनेक जनुकांवर आणि हवामानावर अवलंबून असतो, तर मादागास्करमधून गोळा केलेल्या ‘टीसी १९६६’ या रानमुगातील भुंगेरा-प्रतिकार एकाच प्रभावी (म्हणजे एका पालकाकडून आले तरी परिणाम दाखवणाऱ्या) जनुकाचा असल्याचे १९८०च्या दशकातील संकरांतून दिसून आले.

संकरासाठी दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी निवडून तिचे पुंकेसर चिमट्याने काढावेत आणि सकाळी दुसऱ्या पालकाचे पराग लावावेत. मुगात फूल उमलण्यापूर्वीच स्वपरागीकरण होऊन जाते, त्यामुळे उशीर झालेली कळी सोडून दिलेली बरी. संवेदनशील (भुंगेऱ्याला बळी पडणारा) वाण माता आणि रानमूग पिता, तसेच त्याच्या उलट, असे दोन्ही संकर करावेत.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून गफलतही बहुधा तिथेच होते. दाण्याची साल मातेच्या ऊतींची असते, पण आतील बीजदले (दाण्याच्या दोन डाळी) पुढच्या पिढीची असतात. म्हणजे मातृझाडावर धरलेल्या संकरित दाण्याची बीजदले एफ१ची (संकरानंतरच्या पहिल्या पिढीची) आणि एफ१ झाडावरील दाण्यांची बीजदले एफ२ची (दुसऱ्या पिढीची). टीसी १९६६मधील प्रतिकार बीजदलांत असल्याने अळी साल पोखरून आत शिरते आणि मग मरते. म्हणून संवेदनशील मातेवर धरलेले एफ१ दाणेही प्रतिकारक ठरतात. उलटसुलट संकरांचे निकाल वेगळे आले, तर साल किंवा दाण्याचा आकार यांसारख्या मातृपरिणामाचा संशय घ्यावा.

एफ२ दाणे थेट भुंगेऱ्यांना दिले, तर संवेदनशील दाणे नष्ट होतात आणि प्रतिकारक दाण्यांत शुद्ध (प्रतिकाराच्या जनुकाच्या दोन प्रती असलेला) कोणता व मिश्र (एकच प्रत असलेला) कोणता, हे कळत नाही. त्यामुळे ते न तपासता पेरावेत आणि प्रत्येक झाडाचे एफ३ दाणे वेगळे ठेवावेत. मिश्र झाडाचे फक्त ११ दाणे तपासले, तर त्यांत एकही संवेदनशील दाणा न सापडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते, तर १७ दाण्यांत ती १ टक्क्याच्याही खाली जाते. प्रत्येक झाडाचे २० ते २५ दाणे घेतले की पुरते.

हे दाणे हवेशीर झाकणाच्या डबीत ठेवून त्यांवर नवे भुंगेरे दोन दिवस सोडावेत व नंतर काढून घ्यावेत. तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस असावे. अंडी दर दाण्याला एक ते तीन असावीत. एका लहान दाण्यात अनेक अळ्या शिरल्या, तर त्या आपसातील स्पर्धेनेही मरतात आणि प्रतिकाराचा भास होतो. अळी निघून दाण्यात शिरलेल्या अंड्याचे कवच भुशाने भरून दुधाळ दिसते, तर वांझ अंडे पारदर्शकच राहते. ज्या दाण्यावर दुधाळ अंडे नाही, त्याची गणना कोणत्याच गटात करू नये. ज्या चाचणीत भुंगेऱ्याला अनेक वाणांतून निवड करता येते, तिच्यात केवळ नापसंतीने वाचलेला दाणाही प्रतिकारक वाटतो; म्हणून एका डबीत एकाच झाडाचे दाणे ठेवावेत. सोबत दोन्ही पालकांच्या डब्या हव्यातच. सुमारे २५ दिवसांनी प्रौढ बाहेर पडू लागतील, ते रोज काढावेत, नाहीतर दुसरी पिढी मोजणीत मिसळेल. संवेदनशील पालकाच्या डबीतून प्रौढ येणे थांबेपर्यंत मोजणी चालू ठेवावी.

निकाल मांडताना झाडांचे तीन गट करावेत: सर्व दाणे प्रतिकारक, मिश्र आणि सर्व संवेदनशील. एकच जनुक असल्यास प्रमाण १:२:१ अपेक्षित असते. समजा, १०० झाडांत २३, ५२ आणि २५ अशी संख्या आली, तर काय-वर्ग मूल्य (अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांतील तफावत मोजणारा आकडा) ०.२४ येते. ते ५.९९ या मर्यादेपेक्षा बरेच कमी असल्याने एका जनुकाचे गृहीतक नाकारता येत नाही. मर्यादा ओलांडली गेली, तर दुसरे जनुक शोधण्याआधी अंड्यांची नोंद पुन्हा तपासावी.

वाण तयार करायचा असेल, तर रानमुगाचे बारीक दाणे आणि तडकणाऱ्या शेंगा मागे टाकण्यासाठी लागवडीच्या वाणाशी वारंवार प्रतिसंकर (संकरित झाडाचा त्याच वाणाशी पुन्हा संकर) करावे लागतात. प्रतिसंकरात प्रतिकारक दाणे नेहमी मिश्रच असतात, त्यामुळे दर पिढीला चाचणी आवश्यक असते. जनुकालगतचा रेणवीय खूणसंच (जनुकासोबत वारशाने येणाऱ्या, डीएनएत ओळखता येणाऱ्या खुणा) हाताशी असल्यास कोवळ्या पानातील डीएनएवरून निवड करून हा वेळ वाचवता येतो. मात्र भुंगेऱ्याला मारणारा घटक माणसाच्या आहारातही जाणार असल्याने वाण प्रसारित होण्यापूर्वी त्याची खाद्यसुरक्षा स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे.