हवाई मार्गाने माल पाठवताना या चुका टाळा

एजंटाने कागदपत्रे भरली म्हणजे जबाबदारीही त्याच्याकडे गेली, हा हवाई मालवाहतुकीतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार एअर वेबिलवरील, म्हणजे हवाई मालाच्या वाहतूक-पत्रावरील, मालाच्या तपशिलाला माल पाठवणाराच जबाबदार असतो, मग तो तपशील त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी लिहिलेला असला तरी. सीमाशुल्कासाठी लागणारी माहिती आणि कागदपत्रे पुरवणे हेही त्याचेच काम असून ती बरोबर आहेत की नाहीत, हे तपासण्याचे बंधन विमान कंपनीवर नसते. म्हणून एअर वेबिलचा मसुदा हाती आल्यावर नगांची संख्या, वजन आणि माल घेणाऱ्याचा पत्ता इनव्हॉइस व पॅकिंग लिस्टशी ताडून पाहिल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

माल अडकतो तो पुष्कळदा वर्णनामुळे. ‘इलेक्ट्रॉनिक सामान, १ खोका’ एवढ्यावरून अधिकाऱ्याला वर्गीकरण करता येत नाही आणि किंमतही पडताळता येत नाही. ‘हातात धरायचा बारकोड स्कॅनर, आत लिथियम-आयन बॅटरी, २० नग’ असे लिहून पुढे प्रत्येक नगाची किंमत दिली, तर बहुतेक प्रश्न तिथेच मिटतात. सीमाशुल्कासाठी मालाचे वर्गीकरण करणाऱ्या एचएस कोडचे पहिले सहा अंक आंतरराष्ट्रीय असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो. त्यामुळे निर्यातीचा पूर्ण कोड आयातीसाठी जसाच्या तसा उतरवू नये. नमुना किंवा भेट म्हणून किंमत शून्य लिहिणेही चूकच आहे. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी किंमत कमी दाखवू नये, कारण ते खोटे निवेदन ठरते आणि माल जप्त होऊ शकतो.

वरच्या वर्णनातील बॅटरीचा उल्लेख गाळणे ही मात्र नुसती कागदी चूक राहत नाही, तिथे विमानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न येतो. उपकरणातील किंवा उपकरणासोबतची लिथियम-आयन बॅटरी यूएन ३४८१ या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकात येते आणि सुटी बॅटरी यूएन ३४८० मध्ये. सुट्या बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाहीत. अत्तर, रंग आणि एरोसोलचे डबेही धोकादायक मालात मोडतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा, शिक्का आहे ना, हेही पाहून घ्यावे.

माल अडकलाच, तर आधी कारण लेखी मागावे. घाईघाईने आकडे बदललेले नवे इनव्हॉइस पाठवल्यास संशय वाढतो; दुरुस्ती करायची ती खरेदी आदेश आणि पैसे भरल्याच्या पुराव्यासह करावी.

खोका चेपलेला किंवा ओला दिसला, तर सही करण्यापूर्वी पावतीवर तशी नोंद करून छायाचित्र काढावे. मॉन्ट्रियल करार लागू असेल तिथे नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची तक्रार माल ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत द्यावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची मर्यादा किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. माल त्याहून मौल्यवान असेल, तर तो सोपवतानाच एअर वेबिलवर विशेष मूल्य जाहीर करून त्याचे जादा शुल्क भरावे किंवा स्वतंत्र विमा उतरवावा.