गावच्या घराला स्मार्ट वॉल्व्ह बसवताय? या चुका टाळा

गुहागरकडचं आमचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं. एकदा मे महिन्यात दार उघडलं, तर न्हाणीघरातल्या पाइपाचा जोड निसटलेला, वरची हजार लिटरची टाकी कोरडी आणि माजघराच्या भिंतीला कंबरेपर्यंत ओल. जाताना हाताने कॉक फिरवला असता तर फुकटात भागलं असतं, हे घरच्यांनी ऐकवलंच. खरं आहे. पण कॉक उघडा राहिल्याचं आठवतं ते कोलाड ओलांडल्यावर. म्हणून फोनवरून बंद होणारा वॉल्व्ह घ्यायचं ठरवलं, आणि पहिलाच चुकीचा घेतला.

तो सोलेनॉइड जातीचा, म्हणजे विजेच्या चुंबकावर उघडणारा होता. स्वस्त, लहान, दिसायला छान. बसवल्यावर न्हाणीघरात करंगळीएवढी धार. प्लंबर म्हणाला कचरा अडकलाय, खोलून बघितलं तर काहीच नाही. गोम दाबात होती. या जातीच्या बहुतेक वॉल्व्हना पाणी अडवणारा आतला पडदा उचलायला पाण्याचाच दाब लागतो. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘०.०२ ते ०.८ एमपीए’ (मेगापास्कल, दाबाचं माप) असं लिहिलेलं असतं, ते आपण वाचत नाही. ०.०२ एमपीए म्हणजे वॉल्व्हच्या डोक्यावर २ मीटर उंच पाणी. आमचा वॉल्व्ह टाकीच्या तोंडाशी, म्हणजे वर जेमतेम मीटरभर पाणी, तेही टाकी भरलेली असेल तर. चोवीस तास दाबाने पाणी येणाऱ्या शहरी लाइनवर तो चालेल. टाकीच्या पाण्याला मोटरवर फिरणारा बॉल वॉल्व्ह घ्यावा. त्यात भोक असलेला गोळा फिरून पाणी सोडतो किंवा अडवतो, त्याला दाब लागत नाही. त्यातही आतलं भोक पाइपाएवढं पूर्ण आहे ना, ते बघावं. एक इंची वॉल्व्हच्या आत पाऊण इंची भोक निघालं, तर टाकीचं पाणी आणखी मंदावतं.

दुसरी चूक जागेची. परदेशी व्हिडिओंत वॉल्व्ह बाहेरून येणाऱ्या मुख्य लाइनवर बसवतात. तसं आपल्याकडे केलं तर नळपाणी थांबेल, पण जोड निसटल्यावर टाकीतलं पाणी घरात येतच राहील. टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपावर बसवा, पहिला फाटा फुटायच्या आधी. विहिरीच्या पंपाच्या पुढे मात्र नको. पंप चालू असताना तो बंद झाला तर पंप आतल्या आत तापतो आणि सील जातं.

जुन्याच कॉकवर चिमट्यासारखी बसणारी मोटरही मिळते, पाइप कापावा लागत नाही. पण ती पाव फेऱ्यात फिरणाऱ्या दांडीच्या कॉकलाच लागते, चाकाच्या गेट वॉल्व्हला नाही. शिवाय वर्षानुवर्षं न हललेला कॉक तिच्याने हलत नाही. कॉक बोटांनी सहज फिरतोय का, ते आधी बघा.

आता वीज. पहिल्या पावसात आमचा वॉल्व्ह अॅपवर ‘ऑफलाइन’. शेजारच्या अण्णांना फोन केला. “अहो, विजा कडाडायला लागल्या म्हणून मीच मेन पाडला. घर बंद असताना वीज कशाला हवी?” त्यांचं बरोबरच होतं. वीज गेल्यावर साधा मोटरचा वॉल्व्ह आहे त्याच स्थितीत राहतो, उघडा असेल तर उघडाच. वीज जाताच साठवलेल्या चार्जवर स्वतः बंद होणारा प्रकारही मिळतो. बंद घराला तोच बरा. २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर कोकणातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, तिथे इन्व्हर्टर किती पुरणार? हाताने फिरवायची कळ नसलेला वॉल्व्ह तर घेऊच नका.

वायफायचंही तेच. हे वॉल्व्ह बहुधा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. राउटर पडवीत, वॉल्व्ह छपराखाली आणि मध्ये चिऱ्याच्या जाड भिंती. पाइप कापण्याआधी मोबाइल घेऊन त्या जागी उभं राहा, रेंज कळेल. लादीवर पाणी आलं की वॉल्व्ह बंद करायला लावणारा गळतीचा सेन्सरही मिळतो. तो वॉल्व्हशी थेट बोलतो की इंटरनेटवरून फिरून येतो, हेही दुकानात विचारा. इंटरनेट गेल्यावर दुसऱ्या प्रकारचा काही कामाचा नाही. सेन्सर लादीला चिकटवूनही ठेवू नका, जूनमध्ये लाद्यांना घाम फुटतो आणि खोटी घंटा वाजते.

उरलं खारं वारं. वॉल्व्हवर आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी वर पत्र्याचा आडोसा हवाच, आणि वायर मोटरच्या डब्यात खालून घ्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत जात नाही. खाडीजवळ विहिरीचं पाणी मचूळ असेल तर पितळेतलं जस्त हळूहळू झिजतं, म्हणून ३१६ स्टेनलेस स्टीलचा घ्या. विहिरीच्या गाळासाठी वॉल्व्हच्या आधी वाय गाळणी (इंग्रजी Y आकाराची, पाइपात बसणारी जाळी) हवी.

एक जागी पडून राहिलेला बॉल क्षाराने जाम होतो, म्हणून अॅपमध्ये दर रविवारी एकदा उघडझाप लावली आहे. हे अण्णांना सांगायचं राहिलं होतं. बंद घरात वर काहीतरी घुरघुरतंय, म्हणून ते काठी घेऊन आले होते.