नेल पार्लरमधला निपर खरोखर निर्जंतुक कसा करायचा

हात धुणं, धुतलेला टॉवेल, प्रत्येकीला नवी फाइल आणि नवी लाकडी काडी एवढं गृहीत धरते. फाइल, बफर धुऊन निर्जंतुक होत नाहीत. गिऱ्हाइकाला देऊन टाका नाहीतर फेका.

खरी मेख निपर (नखाकडेची कातडी कापायचा चिमटा) आणि पुशरमध्ये (ती कातडी मागे सारायची पट्टी) आहे. नाशकात कॉलेज रोडपासून सिडकोतल्या घरगुती पार्लरपर्यंत निळ्या दिव्याची यूव्ही (अतिनील किरणांची) पेटी दिसते. ‘ताई, यूव्हीत ठेवलंय,’ मुली ठासून सांगतात. त्या उजेडावर विसंबू नका. तो पडतो तिथेच काम करतो. निपरच्या सांध्यात, मळाखाली पोचतच नाही.

हातमोजे घाला. निपर पूर्ण उघडून साबण आणि ब्रशने वाहत्या पाण्याखाली सांधा घासा. मग उजेडात धरा. सांध्यात पांढुरकी पूड दिसली तर ती कातडीच आहे, पुन्हा घासा. मळ राहिला तर महागातलं जंतुनाशक औषधही वाया. नंतर पुसून कोरडा करा, ओलाच बुडवला तर औषध पातळ होतं.

हत्यारांसाठीचं डिसइन्फेक्टंट बाटलीवरच्या प्रमाणातच कालवा. निपर उघडा ठेवून पूर्ण बुडवा आणि घड्याळ लावा. बाटलीवर १० मिनिटं असतील तर १०च. लग्नसराईत बाहेर बायका ताटकळतात आणि नेमकी इथेच काटछाट होते, म्हणून निपरचे जादा संच घ्याच. कालचं गढूळ द्रावण ओतून द्या. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवणं मला मुळीच मान्य नाही.

रक्त आलं तर ते हत्यार लगेच बाजूला. रक्तातून पसरणारा हिपॅटायटिस बीचा (यकृताच्या आजाराचा) विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. नवीन खुर्ची घेण्याआधी छोटा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. धुतलेलं हत्यार पाकिटात, १२१ अंशांवर ३० मिनिटं. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळी वेळ असेल तर ती पाळा. पाकीट पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि गिऱ्हाइकासमोरच फोडा.

पायांचा टब प्रत्येकीनंतर रिकामा करून घासा, औषध लावा. जेटचा असेल तर जाळीही काढून धुवा: २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये जाळीमागे साचलेल्या केसांत, कातडीत जंतू वाढले आणि शंभरावर गिऱ्हाइकांच्या पायांना गळवं आली. पायांवर नुकतंच रेझर फिरवून आलेलीला पेडिक्युअरसाठी दुसऱ्या दिवशी बोलवा.