उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय कसे वाचावेत

बायबलमधील सृष्टीकथेतून ख्रिस्ती माणसाला देव कसा उमगतो, हे जाणून घ्यायचे असेल तर ‘उत्पत्ती’चे पहिले दोनच अध्याय घ्यावेत आणि ते मोठ्याने, सलग वाचावेत. इंदूरात त्याआधी एक घोळ निस्तरावा लागतो. रामबागेतल्या आमच्या रविवारच्या वाचनात थोरांच्या हाती मराठी प्रत असते आणि मुलांच्या हाती हिंदी. पहिल्याच ओळीत मराठीत ‘देव’ आहे, तर हिंदीत ‘परमेश्वर’. दुसऱ्या अध्यायात मराठीत ‘परमेश्वर देव’ येतो, तर जुन्या प्रचलित हिंदी भाषांतरात ‘यहोवा परमेश्वर’. म्हणजे मराठी प्रतीतला ‘परमेश्वर’ देवाच्या हिब्रू नावाच्या जागी आलेला आहे, हिंदीतला तसा नाही.

पहिला अध्याय वाचताना क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. देव बोलतो, पाहतो, वेगळे करतो, नाव देतो, आशीर्वाद देतो. झुंजत मात्र कोणाशीच नाही. बाबिलोनच्या सृष्टीकथेत मार्दुक हा देव तियामत या सागरदेवीला मारून तिच्या देहाचे आकाश करतो, इथे शब्द पुरतो. उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी कसा, असे कोणीतरी विचारतेच. त्यावर विज्ञानाचे ओढूनताणून उत्तर देऊ नये. सूर्यचंद्रांना तिथे नावेसुद्धा नाहीत, नुसती मोठी ज्योती आणि लहान ज्योती. शेजारची राष्ट्रे ज्यांना पूजत, ते इथे टांगलेले दिवे ठरतात, आणि माझ्या मते खरा रोख तिथेच आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी मुंडकोपनिषदातला कोळी आठवेल, जो आपल्याच देहातून धागा काढतो; तसेच तिथे ब्रह्मातून विश्व निघते. तो फरक लपवू नये. ख्रिस्ती समजुतीप्रमाणे जग हा देवाचा अंश नव्हे, म्हणून त्याची पूजा नाही. पण ‘चांगले’ हा अभिप्राय सात वेळा येतो, शेवटच्या खेपेस तर ‘फार चांगले’, म्हणून त्याचा तिटकाराही नाही.

दुसऱ्या अध्यायात सूरच बदलतो. हाच देव मातीपासून मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग लावतो आणि मनुष्याने एकटे असणे बरे नाही असे म्हणतो. ‘घडवणे’ याला मूळ हिब्रूत जो धातू आहे, त्यापासूनच कुंभाराला शब्द झाला आहे. गणपतीआधी शाडू मळणाऱ्याचे कोपरापर्यंत माखलेले हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र फोड करून सांगावे लागत नाही. आज्ञेने जग उभे करणारा आणि मातीत हात घालणारा, असे हे दोन सूर एकमेकांत मिसळून गुळगुळीत करू नयेत. ख्रिस्ती श्रद्धेला दोन्ही हवे असतात.

मग बायबलच्या नव्या करारातले, येशूविषयी सांगणारे योहानाचे शुभवर्तमान काढावे. त्याचीही सुरुवात ‘प्रारंभी’ने होते, आणि ज्या शब्दाने सर्व झाले तोच येशूच्या रूपाने देही झाला असे ते सांगते. त्याच पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात पुन्हा उठलेला येशू शिष्यांवर श्वास फुंकतो. तिथे बोट ठेवून उत्पत्तीचा दुसरा अध्याय परत उघडावा.