टेम्पररी फाइल्स रॅममध्ये की डिस्कवर? या चुका टाळा

लिनक्सवर तात्पुरत्या फाइल्सचा टीएमपी फोल्डर रॅममध्ये, म्हणजे टीएमपीएफएस या रॅममधल्या फाइलसिस्टमवर नेला की मशीन पळायला लागेल, ही अपेक्षा हीच पहिली चूक. डिस्कवर लिहिलेली फाइलसुद्धा आधी रॅममधल्या कॅशमध्येच जाते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती साधारण 30 सेकंदांनी डिस्कवर उतरवतो. त्याआधीच प्रोग्रामने ती पुसली, तर बहुतेक वेळा ती डिस्कपर्यंत पोचतच नाही. म्हणून वेगापेक्षा दोन गोष्टी पाहा: फाइल किती मोठी होणार आणि किती काळ टिकायला हवी.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो आकार. मर्यादा ठरवून दिली नसेल, तर टीएमपीएफएस एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत भरतो. 8 जीबी रॅम असेल तर 4 जीबी. व्हिडिओचं रूपांतर किंवा प्रचंड फाइलचं सॉर्टिंग तेवढ्यात मावत नाही आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो. डिस्कवर तर भरपूर जागा दिसते! अशा वेळी मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड खास टीएमपी फोल्डरवर चालवा. तिथेही जागा दिसली, तर आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद; त्यांची संख्या मर्यादित असते) संपलेत का ते बघा. फाइल पुसूनही जागा सुटत नसेल, तर ती कुठल्यातरी प्रोग्रामने उघडी धरलेली असते. उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडने तो प्रोग्राम शोधून बंद करा.

इथे बरेच जण मर्यादाच वाढवून टाकतात. कृपा करून तसं करू नका. रिकामा टीएमपीएफएस जवळपास काहीच रॅम खात नाही, पण भरला की ती रॅम खरोखर जाते. रॅमचा वापर दाखवणारी फ्री कमांड ती कॅशच्या आकड्यात धरते, त्यामुळे ‘लागेल तेव्हा सुटेल’ असं वाटतं. ती सुटत नाही. फार तर स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमला पूरक म्हणून राखलेल्या डिस्कवरच्या जागेत जाते. स्वॅप नसेल किंवा भरला असेल, तर कर्नल एखादा चालू प्रोग्राम मारतो, आणि तो मेला तरी त्याने टीएमपीमध्ये ठेवलेल्या फाइल्स तिथेच राहतात.

त्यापेक्षा जो प्रोग्राम जड आहे, तेवढ्यालाच डिस्कवर पाठवा. टेम्पररी फाइल्स कुठे ठेवायच्या ते सांगणारं टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल बरेच प्रोग्राम मानतात. ते व्हार फोल्डरमधल्या टीएमपीकडे वळवा. रीबूटनंतर हव्या असलेल्या फाइल्सची जागाही तीच. अर्धवट डाउनलोड साध्या टीएमपीमध्ये ठेवून मशीन बंद केलं, तर ते गेलंच म्हणून समजा.

हे तुम्ही स्वतः निवडलेलं नसलं, तरी एकदा तपासा. लिनक्सच्या फेडोरा या प्रकारात 18व्या आवृत्तीपासून आणि डेबियन या प्रकारात 2025 साली आलेल्या 13व्या आवृत्तीपासून टीएमपी मुळातच रॅममध्ये असतो. रॅम कमी आणि कामं मोठी असतील, तर सिस्टमडीचं (मशीन सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रामचं) टीएमपी माउंट युनिट मास्क करून, म्हणजे ते सुरूच होणार नाही असं करून, रीबूट करा. फोल्डर पुन्हा डिस्कवर येतो.