सायबर सिक्युरिटीत करिअर करायचंय? सुरुवात अशी करा

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की आपल्या चाचणीच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षितपणे जोडून घेण्याच्या पद्धतीने, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. सुरक्षा हे त्याचं काम नव्हतं, तो डेटाबेसवर काम करायचा. तरी त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड युटिल्स या पॅकेजमध्ये कुणीतरी मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. असंख्य सर्व्हरवर पोहोचण्याआधीच तो बंद झाला.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं बहुतेक वेळा आधी विचारतात, ‘कोणतं टूल शिकू?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: टूल नंतर. नेहमीचा कारभार कसा चालतो हे अंगवळणी पडलं, की वेगळं काही झालं तर ते डोळ्यांत खुपतं. खाली सांगितलेला क्रम त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: लिनक्स, आणि तेही टर्मिनलवर

टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करून मशीन चालवायची खिडकी. ‘ओव्हरदवायर’चा ‘बँडिट’ हा मोफत खेळ उघडा. दूरच्या एका सर्व्हरला एसएसएचने जोडून घ्यायचं आणि पुढच्या पातळीचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीलाच एका फाइलचं नाव नुसतं एक आडवी रेघ असतं. ती नेहमीच्या पद्धतीने उघडायला गेलात तर काहीच घडत नाही, कारण कमांडला त्या रेघेचा अर्थ वेगळा वाटतो. असे अडथळे स्वतः सोडवण्यातच खरं शिक्षण आहे. उत्तरं नेटवर सहज मिळतात. ती बघू नका. अडलात तर कमांडचं मॅन्युअल वाचा. दोन दिवस एकाच पातळीवर गेले तरी ते वाया जात नाहीत.

दुसरी पायरी: पॅकेट डोळ्यांनी पाहा

वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर टाका, स्वतःच्याच मशीनवरची वाहतूक, म्हणजे येणारे-जाणारे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेट), पकडायला सुरुवात करा आणि ब्राउझरमध्ये एक साइट उघडा. पकडलेल्या गर्दीतून एवढंच शोधा: साइटच्या नावाचा आयपी पत्ता विचारणारी डीएनएसची चौकशी, बहुधा पोर्ट ५३ वर (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेचा क्रमांक). तिचं उत्तर. मग दोन मशीनमधली जोडणी जमवणाऱ्या टीसीपीची ओळखपरेड, म्हणजे सिन, सिन-अ‍ॅक आणि अ‍ॅक ही तीन पॅकेट. त्यानंतर पोर्ट ४४३ वर टीएलएसची, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीची, बोलणी. इथे एक गंमत दिसेल. पुढचा मजकूर कूटबद्ध असतो, पण साइटचं नाव अनेकदा त्या पहिल्या बोलण्यात उघडं दिसतं. असं प्रत्यक्ष पाहिलेलं सहसा विसरत नाही. डीएनएसची चौकशी दिसलीच नाही, तर उत्तर आधीच साठवलेलं असेल किंवा ब्राउझर ती चौकशीही कूटबद्ध करत असेल. हे शोधून काढणं हासुद्धा अभ्यासच आहे.

तिसरी पायरी: स्वतःची प्रयोगशाळा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन आभासी मशीन (तुमच्याच संगणकात चालणारे वेगळे संगणक) उभी करा: एक काली लिनक्स (सुरक्षा चाचणीची साधनं आधीच असलेलं लिनक्स) आणि दुसरं एसएसएच चालू असलेलं साधं लिनक्स. दोन्हींचं नेटवर्क फक्त आपसातलं ठेवा, बाहेरच्या जगाशी जोडू नका. दोघांचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर क्षणात मागे जाता येतं.

आता कालीवरून एनमॅप या साधनाने दुसऱ्या मशीनचे कोणते पोर्ट उघडे आहेत ते तपासा आणि एसएसएचवर दहा-वीस वेळा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. बहुतेक मुलं इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. लगेच दुसऱ्या मशीनवर जा आणि लॉगिनच्या नोंदी वाचा. तुमचा प्रत्येक फसलेला प्रयत्न तिथे वेळ आणि आयपी पत्त्यासकट लिहिलेला असेल. मग पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा, जो कोणत्या पत्त्यावरून किती प्रयत्न फसले ते मोजेल. हल्ला, त्याचा माग आणि तो ओळखणारं साधन, हे तिन्ही एका संध्याकाळी तुमच्या हातून झालं.

वेब सुरक्षेची ओढ असेल तर ‘ओवास्प’ या संस्थेची मुद्दाम सदोष बनवलेली ‘ज्यूस शॉप’ ही साइट याच प्रयोगशाळेत चालवा. ‘पोर्टस्विगर’ची वेब सिक्युरिटी अकॅडमीही मोफत आहे आणि उत्तम आहे.

परवानगीची रेघ

हे मी कळकळीने सांगतोय. जे मशीन तुमचं नाही आणि ज्याच्या मालकाने लेखी परवानगी दिलेली नाही, त्याला हात लावायचा नाही. ‘फक्त बघत होतो’ हे कारण चालत नाही. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे मशीनमागून मशीन आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, त्याच्या अंदाजाबाहेर पसरला आणि हजारो मशीन कोलमडली. त्याला ३ वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,००० डॉलरहून अधिक दंड झाला. खऱ्या साइटवर सराव करायचाच असेल, तर बग बाउंटी (दोष शोधून कळवल्यास बक्षीस देणाऱ्या) कार्यक्रमांत काय तपासायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. ते आधी शब्दन् शब्द वाचा.

वही, प्रमाणपत्रं आणि पहिली नोकरी

प्रत्येक प्रयोग लिहून ठेवा: काय केलं, काय दिसलं, कुठे अडलो, कसं सुटलं. फसलेले प्रयोगही लिहा. नीट अहवाल लिहिणं हा या कामाचा फार मोठा भाग आहे, आणि सवय नसेल तर चांगली मुलंही तिथे मागे पडतात.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. सिक्युरिटी प्लस नवख्यांसाठी ठीक. ओएससीपीची परीक्षा जवळपास २४ तास चालते आणि प्रत्यक्ष मशीन भेदायला लावते, म्हणून पुरेसा सराव झाल्यावरच तिच्याकडे वळा. सीआयएसएसपीला साधारण ५ वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा ते आत्ता विसरा.

पहिली नोकरी बहुधा सुरक्षा देखरेख केंद्रात, म्हणजे एसओसीमध्ये मिळते. तिथे दिवसभर इशारे तपासायचे आणि खोटे-खरे वेगळे करायचे असतात. सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा हेल्पडेस्कचं काम मिळालं तरी आनंदाने घ्या. नेहमीचा कारभार तिथे रोज बघायला मिळतो. मुलाखतीत एक जुना प्रश्न हमखास येतो: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय घडतं? डीएनएसच्या चौकशीपासून सुरुवात करा, आणि वायरशार्कमध्ये तुम्ही स्वतः जे पाहिलंत ते त्याच क्रमाने सांगा.