घरी प्लायची होडी बांधताना या चुका टाळा

प्लायचे भाग कापायचे, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, सांधे इपॉक्सीने (रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर असे दोन भाग कालवून होणारा पक्का डिंक) भरायचे आणि वर काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मिरर’ ही छोटी शिडाची होडी असंख्य लोकांनी याच शिवणीच्या रीतीने घरी बांधली, फक्त इपॉक्सीऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरून. सुतारकाम यात बेताचेच असते. पण इपॉक्सीत झालेली चूक खरवडूनच काढावी लागते, आणि बहुतेक होड्या तिथेच अडतात.

प्लाय आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाराच घ्या. आयएस ३०३ चा फर्निचरला ठीक. नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. हातभर तुकडा मागून घ्या, कापून कडा बघा. मधल्या थरात पोकळी दिसली तर तो ताव नको. मग एक तुकडा चार-पाच तास उकळा. थर सुटले तर सगळा माल परत करा.

ताव ८ फुटी, होडी १२ फुटी, म्हणजे जोड आलाच. दोन्ही टोकांना जाडीच्या आठपट लांब उतार द्या: ६ मिमी प्लायला ४८ मिमी. आधी दोन्ही उतारांवर पातळ इपॉक्सी लावा, लाकडाने पिऊ द्या, मगच पूड घालून घट्ट केलेले लावा. क्लॅम्प जीव खाऊन आवळला की सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि जोड कोरडा राहतो.

शिवणीची भोके कडेपासून १० मिमी आत, दर १५ सेंमीला. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, बाक जास्त असतो, तिथे निम्म्या अंतरावर. शिवून झाल्यावर लगेच सांधे भरायला घेऊ नका. होडीला पीळ असेल तर तो आत्ताच निघतो, इपॉक्सी धरल्यावर कधीच नाही. पुढे आणि मागे काठावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून एका डोळ्याने बघा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसायला हव्यात. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी असेल तर उत्तमच.

आता इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिनवर (फायबरच्या कामातले स्वस्त रेझिन) काम केलेले लोक लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवतात. इपॉक्सीत तसे केले तर ते चिकटच राहते. प्रमाण डब्यावर दिले असेल तेच ठेवा, आणि ते वजनाचे आहे की आकारमानाचे हे नीट वाचा. एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. उभ्या पेल्यात ते तापते, धूर सोडते आणि दगड होते. तापमान १० अंशांनी वाढले की कामाचा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून आपल्याकडे स्लो हार्डनरच बरा.

कोपरे भरायचे मिश्रण घट्ट श्रीखंडासारखे हवे: चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. त्यात घट्टपणासाठी फक्त सिलिका (वाळूच्याच जातीची अगदी हलकी पूड) घातली तर नंतर घासताना हात मोडतील. लाकडाची बारीक पूडही घाला. लाकडावर इपॉक्सीचा थर नेहमी संध्याकाळी द्या. सकाळी लाकूड तापत जाते, आतली हवा बाहेर येते आणि ताज्या थरात बुडबुडे उठतात.

कोकणातल्या दमट हवेत सकाळपर्यंत थरावर मेणचट साय येते. लोक थेट पॉलिशपेपर घेतात, त्याने ती आणखी पसरते आणि पुढचा थर सालीसारखा निघतो. आधी साध्या पाण्याने, भांड्याच्या हिरव्या घासणीने धुवा, पुसा, मग घासा. हातमोजे नायट्रिलचे घाला. कातडीवर लागलेले इपॉक्सी थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. एकदा अॅलर्जी जडली की हे काम सुटते.

होडी कुजायला सुरुवात बहुधा स्क्रूच्या भोकातून होते. ५ मिमीच्या स्क्रूसाठी आधी १० मिमीचे भोक पाडा, इपॉक्सीने भरा, धरल्यावर त्यात स्क्रूचे भोक पाडा. खाऱ्या पाण्यात पितळी स्क्रू ठिसूळ होतात. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे वापरा.

इपॉक्सी उन्हात पांढरट पडून भुकटी होते, तेव्हा वर रंग किंवा यूव्ही (ऊन रोखणारे) वॉर्निश हवेच. हवाबंद कप्प्यांना झाकण ठेवा आणि होडी किनाऱ्यावर असेल तेव्हा ते उघडे ठेवा, नाहीतर आत साचलेला दमटपणा प्लायला आतून खातो.